भट्टीवाल्याचं नाक

बेकरीत सगळे त्याला भट्टीवाले म्हणत. उमेदीची सगळी वर्षं त्याने भट्टीसमोर काढली होती, पण घड्याळाकडे बघून त्याने कधी ट्रे काढला नाही. ब्रेड असो की बिस्किटं, वासावरूनच त्याला कळायचं. गप्पा अर्ध्यावर टाकून तो उठायचा.

मग एक ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, थेंब दिले, "येईल हळूहळू" म्हणाले. पुढच्या खेपेला तेवढंही म्हणाले नाहीत. कामावर परतल्यावर एकदा भट्टीतून धूर निघाला, तेव्हा पलीकडच्या टेबलावरचा माणूस ओरडला. हा भट्टीसमोरच उभा होता. मालक चिडला नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुम्ही जरा पॅकिंगला बसा." ते 'जरा' कायमचं झालं.

घरी बायकोला त्याचं जेवणं बघवेना. तिखट काय नि गोड काय, पुढ्यात येईल ते तो गिळायचा. एका सुट्टीच्या दुपारी तिने ओट्सचं पाकीट त्याच्यासमोर ठेवलं.

"कुकीज करू या. साध्याच. हात तुमचे, नाक माझं."

"तुझं नाक? दूध करपलेलं तुला भांडं काळं झाल्यावर कळतं."

"म्हणून तर सराव नको का?"

त्याने लोणी-साखर पांढुरकी होईपर्यंत फेटली. मैदा, ओट्स, चिमूटभर मीठ, दालचिनी, मूठभर मनुका. हात काहीच विसरले नव्हते. गोळे बोटांनी चपटे करून त्याने ट्रे छोट्या ओव्हनमध्ये सरकवला. ती समोर स्टूल ओढून बसली.

"काय येतंय?"

"गोड वास."

"गोड म्हणजे? लोण्याचा की साखर वितळल्याचा?"

"अहो, गोड म्हणजे गोड!"

"कडा भाजल्याचा येतोय का बघ. जरासा खमंग."

तिने नाक पुढे केलं. "नाही... थांबा. आला! काढा, काढा!"

कडा तांबूस, मध्ये मऊ. त्याने स्वतः काढल्या असत्या तर अशाच निघाल्या असत्या. तिने एक तोंडात टाकली, सुखाने डोळे मिटले आणि चटकन उघडले, चोरी पकडल्यासारखे.

त्याने एक घेतली. बराच वेळ चावत राहिला. भिजलेला पुठ्ठा चावावा तसं.

"काही लागतंय का हो?"

"गरम आहे," तो म्हणाला.

"पुढच्या सुट्टीला परत करू."

"नको गं."

"का नको? एकदा करून काय कळतं?"

"इतके दिवस वाटायचं, बेकरीतल्या गडबडीत वास येत नसेल. घरात, शांतपणे, आपल्या हातचं केलं तर येईल. तेवढंच एक उरलं होतं."

तेवढ्यात शेजारच्या वहिनींनी दार वाजवलं. "काय केलंत? जिनाभर सुवास सुटलाय!"

त्याने सगळ्या कुकीज डब्यात भरून त्यांना देऊन टाकल्या. वहिनी नको नको म्हणत घेऊन गेल्या. मग तो ट्रे घासायला बसला. ती घ्यायला आली, तर त्याने दिला नाही.

दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या टेबलावर शेजारी बसणाऱ्या बाईने विचारलं, "काय भट्टीवाले, कशी गेली सुट्टी?"

"गेली," तो म्हणाला आणि पुढचं पाकीट ओढलं.