अकरा वाजताचा कोपरा

अरे काटकोन,

हे पत्र तुला आहे. तू ते वाचणार नाहीस. चष्मा सापडत नाही म्हणशील आणि बायकोला मोठ्याने वाचायला लावशील. चालेल. मी आता ऐंशीची झाले आणि नऊ वर्षांपूर्वी तुझ्या दुकानात काय घडलं ते चार लोकांना कळायला हवं, असं मी ठरवलं आहे. तू सांगतोस तेव्हा निम्मी गोष्ट करवतीचीच होते. म्हणून मी सांगते. इथून पुढे तुला 'तो' म्हणेन, आणि माझं 'मी मी' मध्ये नको. सगळे मला बाई म्हणतात, तर गोष्टीतही बाईच.

तर तो फोटोंच्या फ्रेमा करायचा. शाळेत गणितात दोनदा नापास झाला होता, आणि नापास करणाऱ्या बाईच होत्या. काटकोन म्हणजे किती अंश, असं त्याला नववीत विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बाई, काढून दाखवू?" आणि पट्टी न लावता त्याने फळ्यावर असा काटकोन काढला की बाईंनी कोनमापक लावून पाहिलं, केसाचाही फरक नव्हता. किती अंश ते मात्र शेवटपर्यंत सांगता आलं नाही. त्या दिवसापासून त्याचं नाव काटकोन पडलं. बायकोसुद्धा रागावली की त्याच नावाने हाक मारते.

दुकान म्हणजे एक अरुंद लांबट खोली. पुढे काउंटर, भिंतीवर आरसे आणि निरनिराळ्या पट्ट्यांचे नमुन्याचे कोपरे टांगलेले, मागे कामाची दोन टेबलं. एकावर तो लाकूड कापायचा, दुसऱ्यावर बायको काच. जागा इतकी कमी की दोघं पाठीला पाठ लावून उभी राहत. अठ्ठावीस वर्षं तशीच उभी होती, आणि भांडणंही एकमेकांकडे न बघताच करत.

फ्रेमेचं सगळं मर्म कोपऱ्यात असतं. पट्टीची दोन टोकं तिरकी कापायची, प्रत्येकी पंचेचाळीस अंश, म्हणजे जोडल्यावर काटकोन. त्यासाठी एक लाकडी साचा असतो. त्याच्या खाचेत करवत घालून कापायचं. कोपरा जुळला की तो पातळ कागदाचा कपटा घ्यायचा आणि सांध्यात सारून बघायचा. कपटा शिरला तर फ्रेम मोडायची, गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी. आणि चूक शोधायची त्याची एक ठरलेली रीत होती. आधी लाकूड बघायचं, मग करवत, मग साचा. हात कधीच नाही. "हात चाळीस वर्षांचा आहे," तो म्हणायचा, "करवत मागच्या वर्षीची. खोटं कोण बोलत असेल?"

ही रीत त्याला महागात पडणार होती.

त्या दिवशी एका शाळेच्या प्रशस्तिपत्रांच्या चाळीस फ्रेमा हातात होत्या, शुक्रवारी द्यायच्या. सकाळपासून बारा झाल्या होत्या आणि बाराही चोख. अकराला बायकोने चहा ठेवला. त्याने एक घोट घेतला, कप बाजूला सारला आणि तेराव्या फ्रेमेचा कोपरा जुळवला, तर कपटा आतल्या बाजूने सरळ आत गेला. त्याने ती मोडली. दुसरी कापली, तीही तशीच; ती बाजूला टाकली. करवत एका अंगाला झुकत होती. त्याने हातोडी उचलली, ती निसटली. परत उचलली, परत निसटली. तो हातोडीवर चिडला.

"ते... ते पाणी दे," तो बायकोला म्हणाला. "चिकटायचं... पाणी."

"सरस म्हणा की," ती पाठमोरीच म्हणाली. "म्हातारे झालात, शब्दही विसरायला लागलात."

सरसच म्हणायचं आहे हे त्याला कळत होतं. शब्द समोर दिसत होता, पण जिभेवर येत नव्हता. पॉलिशचा वास डोक्यात गेला असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. मग नेहमीच्या रीतीने लाकूड बघितलं, करवत बघितली आणि शेवटी साच्याचे स्क्रू सैल करून साचा थोडा वळवला. पुढचा कोपरा बऱ्यापैकी जुळला. तो खूश झाला आणि दाराशी वाऱ्याला जाऊन बसला. वीसेक मिनिटांत हात मोकळा झाला, जीभ सुटली. तो आत येऊन म्हणाला, "सरस." बायको म्हणाली, "आता नकोय," आणि विषय संपला.

संपला नव्हता. दुपारी बारा वाजल्यानंतरची प्रत्येक फ्रेम फाकायला लागली. पण आता बाहेरच्या बाजूने.

चारच्या सुमाराला बाई आल्या. त्यांचा कॉलेजच्या तुकडीचा फोटो फ्रेमेला दिलेला होता: सतरा मुलगे आणि एक मुलगी. फोटो ठेवून घेताना त्याने गंभीर चेहरा करून विचारलं होतं, "बाई, यातल्या तुम्ही कोणत्या?" आज त्याला थट्टा सुचत नव्हती. टेबलावर फाकलेल्या फ्रेमांचा आणि मोडलेल्या पट्ट्यांचा ढीग होता.

"काय रे, सरपण काढलंस?"

"लाकूड ओलं आलंय, बाई."

"सकाळच्या बारा कुठल्या लाकडाच्या?"

"याच्याच. एकच गठ्ठा आहे."

"म्हणजे अकरापर्यंत कोरडं आणि अकराला ओलं झालं? गणितात नापास केलं ते काही चुकलं नाही माझं."

बाईंनी पर्स ठेवली आणि फ्रेमा टेबलावर मांडायला लावल्या: सकाळच्या, अकराच्या, बारा वाजल्यानंतरच्या. नीट, आतून फट, बाहेरून फट. मग कोन तपासायचा गुण्या मागून साच्याला लावला. साचा चांगला दोन अंश फिरलेला होता.

"हा कोणी हलवला?"

"मीच. अकराला. कोपरे फाकत होते म्हणून."

"आणि हलवायच्या आधी साचा बरोबर होता. सकाळच्या बारा फ्रेमा तेच सांगतायत. लाकूड तेच, करवत तीच. मग अकराला वाकडं काय होतं?"

तो साच्याकडे बघत राहिला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याची नजर स्वतःच्या उजव्या हातावर गेली.

"बाई, हातोडी दोनदा पडली," तो हळूच म्हणाला.

"आणि सरस म्हणता येत नव्हतं यांना," बायको पहिल्यांदाच वळून म्हणाली. मग तिने नवऱ्याचा सदरा बघितला. उजव्या बाजूला चहाचा लांब ओघळ वाळला होता. "अहो, हा चहा तोंडातून गळला का? मला वाटलं, सांडलात."

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"आता बरंय ना पण," तो घाईने म्हणाला. "हे बघा." आणि दहाही बोटं नाचवून दाखवली.

"गेलं म्हणूनच जायचं," बाई म्हणाल्या. "अचानक, एकाच बाजूला, आणि बोलणंही अडलेलं. माझ्या बहिणीला असंच पंधरा मिनिटं झालं आणि गेलं. आम्ही सगळे देवाची कृपा म्हणून घरी बसलो. तिसऱ्या दिवशी ती अंथरुणाला खिळली ती उठलीच नाही. ऊठ."

"शुक्रवारी चाळीस फ्रेमा द्यायच्यात."

"द्यायला तुम्ही हवेत ना शुक्रवारी?" बायको म्हणाली आणि शटर ओढायला लागली. तो स्कूटरची किल्ली शोधत होता. ती बाईंच्या मुठीत होती.

"स्कूटर चालवताना हात गेला तर?" बाई म्हणाल्या. "टॅक्सी बोलाव. आणि जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊ, अशक्तपणा असेल, ते सगळं मला ऐकवू नकोस. जिथे मेंदूचा स्कॅन होतो तिथेच जायचं."

वाटेत तो एकदाच बोलला. "बाई, हात गेला तर मी काय करू?" बाईंनी त्याला सरळ बस म्हणून सांगितलं.

रुग्णालयातली डॉक्टर त्याच्या लेकीच्या वयाची होती. तिने पहिला प्रश्न विचारला: "किती वाजता सुरू झालं? त्याआधी शेवटचे पूर्ण ठीक कधी होतात?"

लोक इथे अडखळतात. सकाळी कधीतरी, जेवणाआधी असेल, असं सांगतात. बाईंनी निघताना पिशवीत घातलेल्या दोन फ्रेमा काढून टेबलावर ठेवल्या. "अकराच्या चहाच्या आधीची ही, नंतरची ही."

डॉक्टरने कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "असा पुरावा घेऊन आजवर कुणी आलं नव्हतं," ती म्हणाली, आणि लगेच माणसं कामाला लागली. रक्तदाब पाहिला, स्कॅन केला, मानेतल्या रक्तवाहिन्या तपासल्या. रक्तदाब चढलेला होता. तो सात वर्षं कुणी मोजलाच नव्हता.

"मेंदूकडे जाणाऱ्या एका वाहिनीत गुठळी अडकली आणि आपोआप विरघळली," तिने सांगितलं. "नशीब समजा, पण इशाराही समजा. मोठा झटका यायची भीती पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असते. म्हणून घरी सोडत नाही."

बाईंनी तिथेच आपलंही विचारून घेतलं. "माझ्या दोन्ही हातांना रात्री मुंग्या येतात, गेलं वर्षभर. तेही हेच का?"

"दाखवा जरूर, पण वेळ घेऊन या," डॉक्टर हसली. "हळूहळू येणारं, दोन्हीकडचं, ते वेगळं. एकदम तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडणं किंवा समोरचा बोलतो ते न कळणं, एकदम दिसेनासं होणं, तोल जाणं, कधी नव्हे अशी डोकेदुखी भसकन उठणं, यांतलं एकही झालं तर वेळ बघायची, की सुरू कधी झालं, आणि तडक निघायचं. थांबून बघू म्हणायचं नाही. तोंडात पाणी, अन्न, गोळी काही घालायचं नाही."

बायकोने हे सगळं हिरकणीने काच कापावी तसं मनावर ओरखडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी तो खाटेवर बसून चादर किती वाकडी घातली आहे यावर टीका करत होता. वाक्य मध्येच थांबलं. अठ्ठावीस वर्षं त्याच्याकडे पाठ करून उभी राहिलेली त्याची बायको त्या वेळी त्याच्या समोर बसली होती.

"अहो, हसा बघू," ती म्हणाली.

तो हसला. अर्धाच.

तिने घड्याळ बघितलं आणि अशी हाक मारली की नर्सच्या हातातला ट्रे पडला. पुन्हा स्कॅन झाला, मग गुठळी विरघळवायचं औषध शिरेतून गेलं. हे औषध पहिल्या काही तासांतच देता येतं; उशीर झाला की ते असून नसल्यासारखं. घरी असते तर, हा विचार बायकोने त्या दिवशी केला नाही. नंतर वर्षभर करत होती.

जीव वाचला, चालणं वाचलं, बोलणं आठवड्याभरात जागेवर आलं. उजवा हात मात्र अर्धवट परतला. कपाची दांडी धरता येई, करवत नाही. चाळीस फ्रेमा दुसऱ्या दुकानदाराने करून दिल्या. त्यांतल्या सहांचे कोपरे फाकले होते, हे त्याने घरी पडल्या पडल्या चौकशी करून शोधून काढलं.

व्यायाम शिकवणारा रोज रबरी चेंडू दाबायला सांगायचा. तो म्हणाला, "चेंडू दाबून कुणाच्या घरी फोटो लागलाय का?" आणि दीड महिन्याने दुकानात गेला. बायको रद्दी पट्ट्या समोर ठेवायची, तो रोज वीस कोपरे कापायचा. पहिल्या दिवशी फटीतून पोस्टकार्ड आरपार गेलं. त्याने ते टेबलावर ठेवलं आणि एकविसावा कापला. रक्तदाबाची गोळी चुकली की बायको करवत कुलपात ठेवायची. महिन्यांमागून महिने गेले. पोस्टकार्ड अडलं, मग वहीचं पान अडलं. एकदा बाईंनी दया येऊन म्हटलं, "पुरे रे, आता मुलाला घाल दुकानात." तेव्हा तो म्हणाला, "बाई, तुम्ही दोनदा नापास केलंत, तरी मी तिसऱ्यांदा बसलो होतो ना?"

अकराव्या महिन्यात एका दुपारी त्याने बायकोला हाक मारली आणि कपटा तिच्याच हातात दिला. तिने सांध्याला लावला. वरून लावला, खालून लावला. शिरेना. तिने फ्रेम उजेडात धरली, नीट बघितली आणि म्हणाली, "आतून पॉलिश राहिलंय."

त्या दोघांची टेबलं आता पाठीला पाठ नाहीत, समोरासमोर आहेत. जागा त्यामुळे आणखी कमी झाली आहे. गिऱ्हाइकाला आत यायला आडवं व्हावं लागतं.

तर काटकोन, आता पुन्हा 'तू'. माझा फोटो तू नंतर त्या अकराच्या, आतून फाकलेल्या फ्रेमेत बसवलास; ती तू मला बदलून द्यायची होतीस आणि घरी येऊन टांगायची होतीस. नऊ वर्षं झाली. तू ती दुकानात आरशांच्या मधोमध लावून ठेवली आहेस आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्या फटीची कथा सांगून आरशात हसायला लावतोस. दोनदा मी ती न्यायला म्हणून आले आणि तशीच परतले. एकदा कुणी बाई नवऱ्याला ओढून आरशासमोर उभं करत होती, आणि दुसऱ्यांदा तू चहा मागवलास. घरी तिच्यासाठी खिळा मी नऊ वर्षांपूर्वीच ठोकून घेतला आहे. सध्या त्याला भाजीची पिशवी अडकवते.