लावलेले केस

“टोपी काढ.”

धाकटा शेठ एवढंच म्हणाला. धुळ्यातल्या त्यांच्या जिनिंगचं ऑफिस. समोर मुंबईचे दोन व्यापारी चहा पीत बसलेले. मी कापसाचा नमुना दाखवायला आत गेलो होतो. ऐकण्यात चूक झाली असेल असं वाटून मी तसाच उभा राहिलो. तो उठला. दोन बोटांनी माझ्या डोक्यावरची टोपी उचलली, टेबलावर टाकली आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. खांद्याला खांदा लावून. एरवी माझ्या हातून पाण्याचा ग्लास घेत नसे.

“बघा,” तो पाहुण्यांना म्हणाला, “अमेरिकेला जाण्याआधी मी हा असा होतो. आता असा आहे.”

पाहुणे हसले. एकाच्या बशीत चहा सांडला, इतका हसला. मुनीम हसला. दारातला शिपाई हसला, आणि तो तर आमच्याच वस्तीतला.

मी त्याला इथे अहो-जाहो करणार नाही. तेव्हा पुष्कळ केलं.

माझं डोकं असं का, तेही सांगतो. लहानपणी डोक्यात खवडे झाले. वस्तीत बऱ्याच पोरांना झाले होते. मास्तर मला वर्गाबाहेर, चपलांपाशी बसवायचे. डोक्याचं कारण सांगायचे, पण खवडे बरे झाले तरी माझी जागा काही बदलली नाही. केस गेले ते गेलेच. कुठे चट्टा, कुठे चार केस. मी तिथूनच ऐकत ऐकत मॅट्रिक झालो. बाप या जिनिंगमध्ये हमाल. त्याच्या पाठीवरून कापसाच्या गाठी गेल्या आणि मी त्याच जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कारकून म्हणून खुर्चीवर बसलो. डोक्यावर कायम टोपी. झोपतानासुद्धा.

शेठचे केस ऐन तिशीत गेले होते. आजार नाही, उपासमार नाही, घराण्यातच टक्कल. नवी यंत्रं बघायला म्हणून तो अमेरिकेला गेला आणि कपाळावर केस घेऊन आला. डोक्याच्या मागच्या भागातून केसांसकट कातडीचे बारीक गोल तुकडे काढायचे आणि पुढे पेरायचे, असं ते ऑपरेशन. सगळं गाव बघायला आलं. तो सगळ्यांना सांगायचा, “डॉक्टरनं लिहून दिलंय. हे केस मरेपर्यंत जाणार नाहीत.”

त्या दिवसापासून मी त्याची वस्तू झालो. पाहुणा आला की मला बोलावणं. पारोळ्याचे अडते आले, बोलाव त्याला. मेहुणा आला, बोलाव त्याला. त्याच्या लहान मुलीच्या वाढदिवसालाही बंगल्यावर बोलावलं. पोरांसमोर उभं केलं. एका पोरानं माझ्या चट्ट्यावर बोट फिरवलं आणि ते बोट शर्टाला पुसलं. शेठ म्हणाला, “घाबरू नको, लागत नाही आता.”

मी हसलो. हो, मीही हसायचो. खालच्या मानेनं, दात दाखवून.

एक झालं. उघड्या डोक्याची मला लाज वाटेना, टोपीची गरजच वाटेना. सगळ्या गावानं बघून झालं होतं. मी उघड्या डोक्यानं हिंडू लागलो.

वर्षं गेली. डॉक्टर खोटं बोलला नव्हता. लावलेले केस गेले नाहीत. बाकीचे गेले.

आपलं टक्कल थांबलेलं नाही, हे त्या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं. पेरलेल्या केसांच्या मागचे मूळचे केस हळूहळू गळत गेले. पुढे कपाळावर झुबके तसेच उभे. बाहुलीच्या डोक्यात दोरे ओवतात तसे, एकेका भोकातून एकेक झुबका. त्यामागे उघडं रान. मानेच्या वर, जिथून तुकडे काढले होते, तिथे पांढरे गोल डाग. आधी वरच्या केसांनी झाकलेले, आता ते केसही गेलेले. वारा आला की झुबके एका बाजूला पडायचे आणि तो हातानं कपाळ धरायचा. पुन्हा एकदा परदेशी जायचं म्हणाला. मुंबईच्या कुणा डॉक्टरनं तपासलं आणि सांगितलं, मागे आता काढण्याजोगे केसच उरलेले नाहीत.

आता माझं बोलावणं बंद झालं. शेठनं काळी टोपी घातली. आणि महिन्याभरात हुकूम निघाला. ऑफिसातल्या प्रत्येकानं टोपी घालायची. शिस्त म्हणून.

सगळ्यांनी घातल्या. मुनीमानं घातली. शिपायानं घातली. दाट केसांची जवान पोरं टोप्या घालून घामानं निथळत बसली. एका माणसाच्या डोक्याची लाज सगळ्या ऑफिसानं डोक्यावर घेतली, आणि कुणाला हसू आलं नाही.

मी घातली नाही.

घरी बापाला कळलं. तो म्हणाला, “घाली ले ना भाऊ. बठ्ठा घालतस. त्यामा काय जास आपलं?”

मी म्हणालो, “आबा, सगळे घालोत. गेलंय ते पुष्कळ. आता उरलेलं देत नाही.”

तो उठून बाहेर गेला. रागावला की घाबरला, कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी शेठनं बोलावलं. ऑफिस भरलेलं. सगळ्या टोप्या खाली वाकलेल्या.

“टोपी कुठे आहे?”

“तुम्ही काढली होती.”

“काय?”

“ह्याच टेबलावर टाकली होती. पाहुण्यांसमोर. ती मी परत घालणार नाही.”

“बाहेर काढीन.”

“काढा. पण माझ्या डोक्याला मी लाजत नाही. तुमच्या डोक्याला तुम्हीच लाजा. त्यात आम्हाला ओढू नका.”

त्याचा हात आपोआप टोपीकडे गेला, ती नीट बसलीय का बघायला. तेवढ्या एका हालचालीत मला तो सगळा दिसला. इतकी वर्षं मी ह्याला भ्यालो? ह्या चार झुबक्यांना? मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही. किळस आली. त्याची, आणि त्याच्यासमोर दात दाखवणाऱ्या माझीही.

नोकरी गेली. बापालाही हमालीवरून काढलं. तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही. एकाही टोपीवाल्यानं तोंड उघडलं नाही. शिपाई वस्तीत भेटला तर रस्ता बदलायचा.

मी जळगावला आलो. केळीच्या वखारीत हिशेब लिहायला लागलो. पहिल्याच दिवशी तिथला मालक माझ्या डोक्याकडे बघून चार माणसांत म्हणाला, “चला, वखारीत दिव्याची सोय झाली.”

माणसं हसली. मी पेन खाली ठेवलं, उभा राहिलो.

“शेठ, काम सांगा, करीन. डोक्यावर पुन्हा एक शब्द काढला तर तुमचं काम तुम्ही करा.”

हसू थांबलं. मालक खाकरला आणि पावत्या चाळू लागला.

मी त्यानंतर त्या वखारीत राहिलो, हे महत्त्वाचं नाही. दुसऱ्या दिवशी हाकललं असतं तरी हेच बोललो असतो. धुळ्यात मला तोंड उघडायला वर्षं लागली. आता पहिल्या शब्दाला उत्तर देतो. समोर कुणीही असो. आणि उभा राहूनच देतो.