पाठ फिरवून बसलेले मेस्त्री

पाटणच्या स्टँडमागं एका मेस्त्रींचं गॅरेज आहे. बोलण्याआधी ते हात पुसतात आणि बहुतेक वाक्यं "व्हय का न्हाई?" म्हणून संपवतात. नवरा फौजेत, त्यामुळे त्याची मोटरसायकल मीच चालवते. जरा कुठं खुट्ट झालं की मी ती ढकलत मेस्त्रींकडे न्यायची.

एकदा चेन सैल झाली, तेव्हा त्यांनी पाना माझ्याच हातात दिला. "वहिनी, गाडी तुमची हाय. हातबी तुमचाच लागाय पायजे, व्हय का न्हाई?"

शेजारच्या टपरीवरची माणसं माझ्याकडे बघायला लागली आणि मी पाना खाली ठेवला. मेस्त्री त्यांच्यावर खेकसले, "बाईमाणसानं पाना धरल्याला बघितला न्हाई व्हय कवा? तिकडं बघा!" मग स्वतःही माझ्याकडे पाठ करून बसले आणि कुठला नट सैल करायचा, चाक कसं ओढायचं ते पाठमोरेच सांगत राहिले, "घाई न्हाई, वहिनी." चेन मीच ताणली.

गेल्या महिन्यात सासूबाईंना धाप लागली. त्यांना मागं बसवून दवाखान्यात नेताना कोयनेकाठच्या वळणावर चेन निसटली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी गाडीतला पाना काढला, मागचा नट सैल केला, चेन दातांवर चढवली आणि चाक मागं ओढून नट आवळला. गाडी चालू लागली तेव्हा कुठं मला रडू आलं. सासूबाई वेळेत पोचल्या. आता बऱ्या आहेत.

हे सांगितल्यावर मेस्त्री खाली बसून बराच वेळ चेन दाबून बघत राहिले. मग उठून टपरीवाल्याला ओरडून म्हणाले, "चा आण रं गड्या! आज माझं येक गिऱ्हाईक कमी झालं."

इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.