लालबागच्या चाळीतला संध्याकाळचा लोड

फ्यूज उडाला तेव्हा मी लालबागच्या त्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर सावंतांच्या दारातच उभी होते. पंखा थांबला. सावंतकाकांचं ऑक्सिजनचं मशीनही थांबलं. हे मशीन खोलीतल्या हवेतूनच ऑक्सिजन काढून देतं, पण वीज गेली की नुसतं खोकं. काकूंनी कोपऱ्यातला ऑक्सिजनचा सिलिंडर उघडला, नळी जोडली, मग माझ्याकडे पाहिलं.

"रोज संध्याकाळी असंच होतं गो. हा संपला तर?"

मी वीजपुरवठ्यात इंजिनीयर आहे, तक्रार आली म्हणून आले होते. कारण मला समोरच दिसत होतं. गॅस महागला, वेळेवर मिळेना, तशा चाळीत घरोघरी इंडक्शनच्या शेगड्या आल्या. एक शेगडी वीसेक पंख्यांची वीज खाते. केबल मात्र जुनी, दिवे-पंख्यांच्या हिशेबाने टाकलेली. सगळ्या शेगड्या एकदम लागल्या की फ्यूज जाणारच.

साहेबांना फोन केला.

"नवी केबल देऊ. पण रस्ता खोदायच्या परवानगीला वेळ लागेल."

"तोवर, सर?"

"शेगड्या बंद ठेवायला सांगा."

गॅलरीभर अर्धवट शिजलेल्या भाताचा वास होता. हे मी कोणत्या तोंडाने सांगणार? फ्यूज बदलून होईतो सगळ्यांना गॅलरीत बोलावलं आणि मजल्यांनी पाळी लावून रांधावं, असं सुचवलं. पहिला मजला दुपारी, मग दुसरा, शेवटी तिसरा.

"मी ऑफिसातून सातला येते," पहिल्या मजल्यावरची मेघना म्हणाली. "दुपारी माझ्याकडे काय भूत रांधणार?"

तिचे शेजारी परबकाका बँकेतून रिटायर झालेले. ते म्हणाले, "कणीक मळून ठेव. पोळ्या मी करतो."

"तुम्ही?"

"नकाशे होतील. खाशील ना?"

सगळे हसले. काकूसुद्धा.

पुढच्या आठवड्यात मी दुपारी लोड मोजायला गेले. आकडा शांत होता. वर चढले. गॅलरीत तिरपं ऊन पसरलेलं. ना स्टोव्हची घरघर, ना धूर. खालून फक्त फोडणीचा वास सावकाश वर येत होता, जणू चाळ झोपेत जेवणाचं स्वप्न बघतेय. सावंतकाका झोपले होते. मशीन एका लयीत चाललं होतं. काम संपलं तरी मी बराच वेळ कठड्याला टेकून उभी राहिले.

पावसाळ्यानंतर केबल आली. काही घरांनी पाळी सोडली, बऱ्याच जणांनी नाही.

आता नव्या चाळीत गेले की मी केबल नंतर बघते. आधी विचारते, तुमच्याकडे जेवणं किती वाजता होतात?