माझी पाल्य, वय चव्वेचाळीस

अर्जात वयाचा रकाना आला की बाई थांबायच्या. टाक दौतीच्या काठाला निपटायच्या, फडक्याने पुसायच्या आणि मग आकड्यांत व अक्षरी, दोन्ही जागी ठळकपणे चव्वेचाळीस लिहायच्या. बाकीचा अर्ज भराभर व्हायचा. वयाच्या रकान्याशी अडखळणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण ती दोन-चार वर्षं कुठे लपवता येतील का ते बघत असतात. बाई थांबायच्या ते अक्षर चांगलं यावं म्हणून.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. पुण्याहून बदली होऊन मी कलकत्त्याला आलो आणि बेहाल्याला ट्राम जिथे संपते तिथे एका दुमजली घराच्या तळमजल्यावर खोली घेतली. वरच्या खोलीत बाई राहायच्या. त्यांचा जन्म कलकत्त्यातलाच. वडील नोकरीसाठी आले आणि इथेच राहिले. आता आईवडील नव्हते, एक धाकटा भाऊ नागपूरला होता आणि लग्न बाईंनी केलं नव्हतं. मुलींच्या शाळेत वीस वर्षं त्या संस्कृत शिकवत होत्या. त्यांचं मराठी माझ्याहून शुद्ध होतं, फक्त एका बाबतीत बंगालीने त्यांच्यावर मात केली होती. बंगाली माणूस पाणीही खातो आणि चहाही खातो. बाई जिन्यावरून मला हाक मारायच्या, "अहो खालचे, चहा खाणार का?" मी रोज खायला जात असे.

त्या वर्षी शाळेच्या कमिटीने ठरवलं की वरच्या दोन वर्गांना एम. ए. झालेल्यांनीच शिकवायचं. बाई बी. ए. होत्या. त्यांना दोन वर्षांची मुदत मिळाली. तेवढ्यात परीक्षा झाली नाही, तर त्यांना बाराखडीच्या वर्गावर जावं लागणार होतं आणि त्यांच्या जागी बहुधा त्यांच्याच हाताखालून गेलेली एखादी मुलगी येणार होती. एम. ए.चा अभ्यास त्यांनी बाविसाव्या वर्षी सुरू केला होता, पण वडिलांना पक्षाघात झाला आणि पुस्तकं मिटली. "वर्गासाठी हवी आहे हे खरंच," त्या मला म्हणाल्या, "पण वर्ग नसता तरी हवीच होती."

शिक्षिकांना घरी अभ्यास करून परीक्षेला बसता येत होतं. अडचण पैशांची होती. फी, पुस्तकं आणि शेवटचे सहा महिने बिनपगारी रजा, एवढ्याची सोय करायची होती. बाईंनी सगळीकडे अर्ज करायला घेतले. माझी कचेरी शहराच्या मध्यभागी, किल्ल्याच्या बाजूला होती, त्यामुळे शहरातून अर्ज आणणं आणि टपालात टाकणं माझ्याकडे आलं. एखाद्या ठिकाणी काही मिळणार नाही हे मला दारावरच्या पाटीवरून कळायचं. तसं सांगितलं की त्या म्हणायच्या, "विचारायला पैसे पडत नाहीत." टपालाच्या तिकिटांना पडतात, असं मी म्हणून पाहिलं, पण त्यांनी ते न ऐकल्यासारखं केलं.

सरकारी शिष्यवृत्तीला पंचविशीची अट होती. विद्यापीठाची होती ती बी. ए. होऊन लगेच पुढे शिकणाऱ्यांना. शाळेकडून उचल मिळत होती, पण फक्त आजारपणासाठी किंवा लग्नासाठी. मुख्याध्यापिकांनी हसत विचारलं की यातलं काही जमण्यासारखं आहे का, तर बाई म्हणाल्या की दोन्हींपेक्षा एम. ए. स्वस्त पडेल. बडाबाजारातल्या एका दानशूर शेटजींकडे आम्ही दोघं गेलो. त्यांनी पेढे दिले, सगळं मन लावून ऐकलं आणि काशीयात्रेला जात असाल तर जाण्यायेण्याचा खर्च देतो म्हणाले. परतताना ट्राममध्ये बाई इतक्या हसल्या की कंडक्टर तिकीट द्यायचं विसरला.

मग पुण्याच्या एका ट्रस्टचा छापील अर्ज हाती आला. मुलखाबाहेर राहणाऱ्या गरीब व होतकरू मराठी विद्यार्थ्यांसाठी ही मदत होती. बाईंनी अर्ज दोनदा वाचला. त्यात वयाची अट नव्हती, कारण ती घालण्याची गरज पडेल असं ट्रस्टमध्ये कुणाच्या स्वप्नातही आलं नसावं. बाईंनी वय लिहिलं, जरा जास्तच ठळक, आणि अर्ज गेला. महिन्याभराने तो परत आला. वयाबद्दल अवाक्षर नव्हतं. पालकाची सही नसल्याने अर्ज अपूर्ण आहे, एवढंच कळवलं होतं.

बाईंनी नागपूरला भावाकडे अर्ज पाठवला. भावाने लिहिलं की या वयात पोथी वाचावी, आणि सही न करता अर्ज परत धाडला. ते पत्र आलं त्या दिवशी मात्र जिन्यावरून हाक आली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीच वर गेलो. बाई खिडकीशी बसल्या होत्या आणि अर्ज मांडीवर होता.

"वय काय हो तुमचं?" त्यांनी विचारलं.

"सत्तावीस."

"म्हणजे सज्ञान आहात. पुरे."

अशा रीतीने मी बाईंचा पालक झालो. नात्याच्या रकान्यात काय लिहायचं यावर थोडी चर्चा झाली आणि शेवटी मी 'शेजारी' असं लिहिलं. ट्रस्टच्या कारकुनाने बहुधा सगळे रकाने भरलेत एवढंच पाहिलं असावं. मदत मंजूर झाली. मंजुरीचं पत्र माझ्या नावाने होतं, आणि त्यात बाईंचा उल्लेख 'आपली पाल्य चि. कुमारी' असा होता. बाईंनी ते माझ्याकडून तीनदा मोठ्याने वाचून घेतलं. त्या दिवसापासून 'अहो खालचे' बंद झालं आणि मला 'अहो पालक' अशी हाक येऊ लागली.

ट्रस्टला दर तीन महिन्यांनी पाल्याचा अहवाल लागायचा. अभ्यासात लक्ष आहे काय, सिनेमाचा नाद आहे काय, वर्तन कसे आहे, हे मी सहीनिशी कळवायचं. मी पहिल्या अहवालात लिहिलं: वर्तन समाधानकारक, परंतु नेलेली भांडी वेळेवर परत करत नाही. ते बाईंनी खोडायला लावलं आणि वर मलाच तपासायला घेतलं. माझी खात्याची परीक्षा मी दोन वर्षं पुढे ढकलत होतो. पाल्य पास आणि पालक नापास, असं झालं तर ट्रस्टला कळवावं लागेल, असं त्यांनी मला बजावलं. मी निमूटपणे पुस्तक उघडलं.

पुण्यात मात्र भलतंच घडलं. ट्रस्टींपैकी कुणाच्या तरी पत्नीने हळदीकुंकवात माझ्या आईला सांगितलं की तुमच्या मुलाने कलकत्त्यात एक कुमारी सांभाळायला घेतली आहे. आईने दोन दिवसांत वडिलांची खानावळीत सोय लावली आणि ती हावड्याला उतरली. मला कळवलंही नव्हतं. मी कचेरीतून आलो तेव्हा ती ट्रंकेसह जिन्याखाली उभी होती आणि बाई वरून तिला विचारत होत्या, "चहा खाणार का?" बाईंचे केस निम्मे पांढरे, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, बोटांना शाई. आईने मला बाजूला घेतलं.

"अरे, ही माझ्याएवढी आहे."

"दोन वर्षांनी लहान आहेत," मी म्हटलं.

आई वर गेली. बाईंची बिनपगारी रजा नुकतीच सुरू झाली होती आणि वेळ वाचवण्यासाठी त्या सकाळचा भात संध्याकाळी खात होत्या. आईने पातेल्याचं झाकण उचलून पाहिलं आणि पदर खोचला. आठवड्यासाठी आलेली माझी आई परीक्षा होईपर्यंत राहिली. कोळशाच्या उनूनवर, म्हणजे तिथल्या शेगडीवर, ती तिघांचा स्वयंपाक करायची आणि बाई भिंतीला टेकून मोठ्याने संस्कृत पाठ करायच्या. आईला त्यातलं काही कळत नव्हतं, पण चुकून एखादी ओळ गळली की ती पोळी लाटता लाटता थांबायची. एकदा भाजी निवडताना ती म्हणाली, "चौथीनंतर मलाही कुणी असा पालक मिळायला हवा होता." मी तिचा मुलगा, आणि हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

परीक्षेच्या दिवशी पालक या नात्याने मी बाईंना पोचवायला गेलो. फाटकावर गर्दी होती. दरवानाने बाईंना अडवलं, "गार्जियन लोग बाहर रुकेंगे," आणि मला हाताने आत ढकललं, "जाइए बाबू, घंटी हो गई."

"गार्जियन ये हैं," बाई म्हणाल्या. "परीक्षा मेरी है."

दरवानाने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि मला बाहेर काढलं. बाई आत गेल्या. वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींच्या घोळक्यात त्यांचा अंबाडा बराच वेळ दिसत होता. मी फाटकाशी उभा राहिलो. पेपर सुटेपर्यंत मी तिथून हललो नाही.

बाई दुसऱ्या वर्गात पास झाल्या. मीही पास झालो, वर्ग विचारू नका. बाईंचा वरचा वर्ग त्यांच्याकडेच राहिला. शेवटच्या अहवालावर सही करताना मी वर्तनापुढे 'उत्तम' लिहू लागलो, तर त्यांनी हात धरला. समाधानकारकच राहू द्या, म्हणाल्या, सुधारायला जागा हवी.

पुढे माझी बदली झाली. नंतरही दर जूनला त्यांचं पत्र यायचं आणि त्यात अहवाल असायचा: अभ्यास चालू, सिनेमाचा नाद नाही, वर्तन समाधानकारक. खाली सही, 'आपली पाल्य'. बारा वर्षं हा क्रम चुकला नाही. त्यानंतरच्या जूनमध्ये आलेल्या लिफाफ्यावर अक्षर परकं होतं. ते पत्र शाळेकडून होतं. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं असताना बाई अल्पशा आजाराने गेल्या होत्या. त्यांची पुस्तकं आणि काही कागद माझ्याकडे पाठवायचे होते, कारण शाळेच्या दप्तरात जवळचा माणूस म्हणून त्यांनी माझं नाव दिलं होतं. कारकुनाने अदबीने एक शंका विचारली होती. बाईंचं वय एकोणसाठ, माझं त्यांनीच लिहिलेलं वय बेचाळीस, आणि नात्यापुढे 'पालक'. नोंदीत काही चूक दिसते, तरी सोबतच्या कागदावर योग्य नातं लिहून पाठवावं.

मी वय भरलं, पत्ता भरला. नात्याचा रकाना आला तेव्हा थांबलो. पेनचं टोक रुमालाने पुसलं आणि अक्षर चांगलं येईल अशा बेताने, ठळक लिहिलं: पालक.