उभ्या गाडीचा फिल्टर

माझे वडील जांभ्या दगडाच्या खाणीवर होते. बीदरच्या आजूबाजूला लाल दगड निघतो, तो जमिनीतून विटेसारखा कापून काढतात. हंगामात आई आळंदकडे तूर कापायला जायची. तेव्हा आम्ही दोघं भाऊ मामाकडे. चार-पाच वर्षं अशी गेली, की एका गावात पूर्ण वर्ष शाळा झाली नाही. तरी दहावी झाली, डिप्लोमा झाला, मग कलबुर्गीला इंजिनिअरिंग. आमच्या वस्तीत डिग्री घेतलेला मी पहिला. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण याच अभिमानापायी मी एकदा फिल्टरच्या बाबतीत चुकलो. ती गोष्ट सांगतो.

नौबादच्या पुढे हायवेला लागून आमचं वर्कशॉप आहे. मी तिथं सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर. म्हणजे गाडी घेऊन येणाऱ्याचं ऐकायचं आणि मेकॅनिकनं काय करायचं ते जॉब कार्डावर लिहून द्यायचं. पाना माझ्या हातात नसतो, पेन असतो.

मार्च महिन्यात हुलसूरचे शरणप्पा गाडी घेऊन आले. बी-बियाणं आणि खताचं त्यांचं दुकान. पांढरी गाडी, तीन वर्षांची, आतल्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा तसंच.

"यंदा किती चालली अप्पा?" मी विचारलं.

"कुठं चालतीय? बीदरला चार खेपा आन् बसवकल्याणला सोयऱ्याचं एक लग्न. अंगणातच उभी असती. कोरी करकरीत हाय. फकस्त अ‍ॅव्हरेज देत न्हाई बगा. नुसतं पेट्रोल पिती."

"उभी राहिली की अ‍ॅव्हरेज पडतंच," मी म्हणालो. कारण माहीत नसलं तरी उत्तर द्यायची सवय मला तेव्हा होती. कार्डावर 'अ‍ॅव्हरेज कमी' एवढं लिहिलं आणि पुढं गेलो.

मीटर बघितला. वर्षभरात नऊशे किलोमीटर. मी कामं वाचून दाखवायला लागलो. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर...

"फिल्टर कामून?" शरणप्पा म्हणाले. "नऊशे किलोमीटरात काय व्हतंय त्याला?"

ऑइल फिल्टर म्हणजे चहाच्या गाळणीसारखी इंजिनची गाळणी समजा. डब्यासारखी वस्तू, आत घड्या घातलेला कागद. इंजिनमधून ऑइल फिरतं, काजळी आणि लोखंडाचा बारीक चुरा या कागदावर अडतो. कागद पार भरला, की डब्यातली एक झडप उघडते आणि ऑइल न गाळताच पुढं जातं. इंजिनला कोरडं ठेवण्यापेक्षा घाण ऑइल बरं, म्हणून ती सोय केलेली असते.

हे सगळं मला पाठ होतं. मी शरणप्पांना म्हणालो, "बरोबर आहे तुमचं. नऊशेवर गरज न्हाई. ऑइल बदलू, फिल्टर पुढच्या वर्षी."

गाडी ज्यांच्याकडे गेली ते युसूफभाई. सातवी शिकलेले, वय पन्नासच्या पुढे, तीस वर्षं हेच काम. कार्ड वाचून ते काउंटरवर आले.

"साब, फिल्टर भी बदल डालते. पुराने में कपभर काला तेल रह जाता. नवे में मिलता."

"युसूफभाई, नऊशे किलोमीटर. दहा हजार चालणारी वस्तू आहे ती."

"मीटर कम है, पन तेल देखे क्या तुमे? भौत काला निकल्या."

"वर्ष झालंय, काळं होणारच."

"हौ साब. तुमे बोले तो."

ते गेले. मी कार्डावर फिल्टरच्या पुढं लिहिलं: कस्टमरने नको सांगितले. आमच्याकडे तशीच पद्धत होती. एखादं काम राहिलं, की ते कस्टमरनंच नको म्हटलेलं असतं. शरणप्पांनी 'कामून', म्हणजे 'का', एवढंच विचारलं होतं, नको असं म्हटलं नव्हतं. पण खाली सही त्यांची होती.

मे संपत आला होता. शरणप्पा बसनं आले. गाडी नाही, हातात पिशवी नाही. खिशातून पांढरी दस्ती, म्हणजे हातरुमाल, काढली आणि काउंटरवर पसरली. मधोमध डांबरासारखा काळा डाग.

"हे काय हाय?"

"ऑइल."

"माझ्या गाडीचं. सर्व्हिसिंग करून एकशेचाळीस किलोमीटर झालेत. एकशेचाळीस. मीटरचा फोटो बी हाय मोबाइलमंदी. तुमी ऑइल बदललंच न्हाई. बिल घेतलात आन् जुनंच ठिवलात. वरून आता लाल दिवा लुकलुकायलाय, इंजिन टकटक करायलंय. गाडी आणायला भ्या वाटायलंय मला."

लाल दिवा म्हणजे ऑइलचा दाब कमी झाल्याचा इशारा. तो दिसला तर गाडी जागेवर बंद करायची. नंतर बघू म्हणून ठेवण्यातली ती गोष्ट नाही.

"कुणाच्या हातात व्हती गाडी?" त्यांनी विचारलं.

कुणीतरी युसूफभाईंचं नाव सांगितलं. शरणप्पा तिथंच म्हणाले, "तरीच. मी हुलसूरच्या बाजारात सांगितलंय समद्यांना. तिकडं गाडी नेऊ नगा. आता नाव बी सांगतो."

आमचे मॅनेजर बिराजदार सर यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर जॉब कार्ड.

"तुझं कार्ड क्लीन आहे," सर म्हणाले. "फिल्टर गिऱ्हाइकानं नको म्हटलं, सही आहे. राहिलं ऑइल. ते युसूफचं काम. सोमवारपासून त्याला घरी बसवू, म्हणजे हुलसूरची माणसं तरी गप्प होतील."

"सर, युसूफभाई असं करणार नाहीत."

"ऑइल टाकताना तू बघितलंस?"

मी बघितलं नव्हतं.

"मग? एकशेचाळीस किलोमीटरात ऑइल डांबर होतं का? तू इंजिनिअर आहेस, तूच सांग."

होत नाही. मी केबिनमधून निघालो.

बाहेर युसूफभाई उभे होते. "पुराना गिराया, नवा डाल्या साब. बस," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "फिल्टर का क्या लिखे कार्ड में?"

"लिहिलंय," मी म्हणालो.

"हौ," ते म्हणाले आणि आत गेले. मी तुम्हाला सांगितलं होतं, असं त्यांनी एका शब्दानं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

तो शुक्रवार होता. संध्याकाळी मी कार्ड परत काढलं आणि माझ्याच अक्षरातली ओळ वाचली: अ‍ॅव्हरेज कमी. वर्षात नऊशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज माणसाच्या लक्षात येतं कशाला? तो पेट्रोल वारंवार भरत असला तरच. गाडी कुठं जात नाही आणि टाकी रिकामी होते. पेट्रोल जळतंय, म्हणजे इंजिन चालतंय. कुठं चालतंय, ते मात्र कळेना.

शनिवारी सरांना सांगून मी आणि युसूफभाई मोटारसायकलवर हुलसूरला निघालो. ऑइलचा कॅन, नवा फिल्टर, पाने. सर म्हणाले, "गोड बोलून या. सोमवारचं माझं ठरलंय."

पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. गल्लीत करंट नव्हता. शरणप्पांच्या अंगणात कडुलिंबाखाली पांढरी गाडी उभी होती आणि इंजिन चालू होतं. काचा बंद. पुढं कुणीच नाही. मी मागचं दार उघडलं.

मागच्या सीटवर एक म्हातारी पाय वर घेऊन बसली होती. मांडीवर कापूस, शेजारी वळलेल्या वातींचा ढीग. गार हवा तोंडावर आली.

"दार लाव की रं बाबा," ती म्हणाली. "गार समदं भायेर जायलंय."

शरणप्पा बनियनवर बाहेर आले. "ही अव्वा, माझी आई. मागल्या उन्हाळ्यात ऊन लागून आठ दिवस दवाखान्यात व्हती. डॉक्टरनं सांगितलं, गारव्यात ठिवा. करंट दुपारी तीन-तीन तास जातो, कूलर बंद पडतो. मग हितं बसवतो. मागल्या साली बी पावसापतूर असंच केलं."

"अप्पा, आधी गाडी बंद करा. लाल दिवा लागतोय म्हणालात ना?"

"तो चालवताना बघायचा की. आता कुठं चालवायलोय? उभीच हाय."

"रोज तीन तास?"

"करंट जाईल तसं. तीन, कवा चार."

मी चावी फिरवून इंजिन बंद केलं. अव्वानं मला आतून नीट बघून घेतलं.

आमच्या धंद्यात एक ढोबळ अंदाज धरतात: इंजिन तासभर उभ्या उभ्या चाललं, की गाडी साधारण चाळीस किलोमीटर पळाली समजायची. एसी लावून, भर उन्हात, समोरून वारा नाही, म्हणजे इंजिनचे हाल जास्तच. पेट्रोल पूर्ण जळत नाही, थोडं ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, काजळी धरतं. दोन महिने रोज तीन तास म्हणजे सात हजार किलोमीटरच्या वर. मीटरवर एकशेचाळीस. त्याच्या आधीच्या वर्षीचा उन्हाळाही असाच गेला होता, आणि त्याची घाण ज्या फिल्टरमध्ये बसली होती तो मी मार्चमध्ये तसाच ठेवला होता.

हे मी शरणप्पांना सांगितलं. ते ऐकेनात. "जागची हालली न्हाई गाडी. झिजल कशी?"

"आरं, पिठाची गिरणी कुठं गावाला जाती का?" अव्वा आतून म्हणाली. "तरी बी पट्टा तुटतोच की."

शरणप्पांनी बॉनेट उघडून दिलं. युसूफभाई हसले आणि गाडीखाली शिरले.

अव्वाला लिंबाखाली बाजेवर बसवलं, डोक्यावर ओला पंचा दिला. ती कुरकुर करत वाती वळू लागली. ऑइल खाली पडलं ते काळं, पातळ आणि पेट्रोलचा वास मारणारं. युसूफभाईंनी फिल्टर काढला, आणि मी सांगितलं म्हणून करवतीनं कापून उघडला. घडीच्या कागदाचा रंगच दिसत नव्हता. घडी आणि घडीमध्ये काळा चिखल भरला होता.

"अप्पा," मी म्हणालो, "युसूफभाईंनी ऑइल बदललं होतं. फिल्टर बदला असंही तेच म्हणाले होते. मीच नको म्हटलं."

"तू? मॅनेजर तर काल सांगायला व्हता, फिल्टर मीच नको म्हनलो म्हनून. माझी सही हाय म्हने."

"तुमी कामून म्हनलात. नको मी लिहिलं."

"मी न म्हनलेलं तू लिवलास?"

"व्हय."

"इंजिनिअर हाईस ना तू?"

"व्हय अप्पा."

त्यांनी कापलेला फिल्टर उचलून उलटसुलट करून बघितला. मग युसूफभाईंकडे वळले. "भाई, मी बाजारात तुमचं नाव घेतलं. चुकलं माझं."

"नाम तो ले चुके अप्पा," युसूफभाई हात पुसत म्हणाले. "अब उसीच बाजार में अच्छा भी बोल देव."

नवा फिल्टर, नवं ऑइल. इंजिन सुरू केलं. टकटक दहा मिनिटांनी बरीच कमी झाली. लाल दिवा लागला नाही. अर्धा तास थांबून बघितलं, तरी लागला नाही.

"तुमचं झालं असलं तर बसू का मी?" अव्वानं विचारलं.

सोमवारी सकाळी मी बिराजदार सरांना लेखी दिलं: फिल्टर न बदलण्याचा निर्णय माझा, कस्टमरचा नाही. मेकॅनिकने बदलायला सांगितले होते. कार्डावरील नोंद मी चुकीची केली. सोबत कापलेला फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत.

सरांनी दोनदा वाचलं. "कार्ड क्लीन होतं. कुणी विचारलंही नव्हतं. तू आपल्या हातानं का खराब केलंस?"

"सर, युसूफभाईंना घरी बसवणार होतात."

"शरणप्पांचा फोन आला होता काल. तू हे दिलं नसतंस तरी त्याला ठेवलंच असतं."

"मला ते माहीत नव्हतं."

"आता वॉर्निंग लेटर द्यावं लागणार तुला."

"द्या सर."

दिलं. ते माझ्या फाइलला आहे. त्या वर्षी प्रमोशनच्या यादीत माझं नाव नव्हतं, तेही बरोबरच होतं. युसूफभाईंचा एक दिवससुद्धा बुडाला नाही.

लोक आजही विचारतात, गाडी कमी चालते, मग फिल्टर किती दिवसांनी बदलायचा? ऑइल बदलाल तेव्हा फिल्टर बदलायचाच. मीटर हजारावर असो की शंभरावर, वर्षातून एकदा तरी दोन्ही बदलायचे. गाडी दारात उभी करून एसीसाठी किंवा बॅटरीसाठी चालू ठेवत असाल, तर किलोमीटर विसरा, तास मोजा आणि वर्कशॉपमध्ये ते आपण होऊन सांगा. लाल दिवा लागला तर बंद करा. आणि बंद शेडमध्ये अशी गाडी कधीच चालू ठेवू नका, त्या धुरानं माणूस बसल्या जागी मरतो. मी आता प्रत्येकाला विचारतो, उभ्या उभ्या किती वेळ चालते? आणि समोरचा जे बोलतो तेच कार्डावर लिहितो.

शरणप्पांनी अव्वाला गाडीत बसवणं सोडलं नाही. उन्हाळ्याच्या आधी, मध्ये आणि नंतर, असं वर्षातून तीन वेळा युसूफभाई हुलसूरला जाऊन येतात. गाडीचा मीटर आज नऊ हजाराच्या आत आहे. त्या मे महिन्यापासूनचा सहावा फिल्टर तिला लागलाय, आणि इंजिन चांगलं चालतंय.