डाइनचा न्यूटन करताना

फोन वाजला तेव्हा मी कणकेचे हात तसेच घेऊन धावले. सकाळच्या त्या वेळेला माझ्या फोनवर एकच माणूस बोलायचं, सुमनताई. उचलला आणि नेहमीसारखी सुरूच झाले, "ताई, आज रॉकेल घेऊ का?" पलीकडून त्यांच्या मुलाचा, अविनाशचा आवाज आला. "मावशी... आई गेली. झोपेतच." महिना होत आला या गोष्टीला, पण त्या वेळेला फोन वाजला की अजून तशीच धावते.

रॉकेल कशाला, ते सांगते. सुमनताई दिग्रसला कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या आणि आमचं घर त्यांच्या भिंतीला भिंत लागून. मी तांड्यावरून लग्न होऊन इथे आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. किराण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून सोडवून वाचायला शिकले. अडलं की भिंतीवरून हाक मारायची आणि ताई हातातलं काम टाकून यायच्या. संध्याकाळी त्यांच्या अंगणात पोरांची शिकवणी चाले आणि मी इकडे तूर निवडता निवडता ऐकत बसे. एकदा त्यांनी पेला काठोकाठ भरला, वरून आणखी थेंब थेंब टाकलं. पाणी काठाच्या वर फुगून आलं, पण सांडलं नाही. पाण्याच्या वरच्या पापुद्र्याला ताण असतो म्हणाल्या, पृष्ठताण. तो जुन्या पुस्तकात डाइन भागिले सेंटिमीटरमध्ये मोजलेला, नव्या पुस्तकात न्यूटन भागिले मीटरमध्ये. पोरांचं सगळं रडगाणं एकातून दुसऱ्यात जाताना. डाइनचा न्यूटन करायचा तर लाखाने भागायचं, तेवढं पोरं करत. पण खालच्या सेंटिमीटरचाही मीटर करावा लागतो, तो खाली असल्यामुळे उत्तर शंभरपट वाढतं, म्हणजे शेवटी हजारानेच भागलं जातं, हे विसरत. मग ताई ओरडायच्या, "वरचं बदललं! खालचं कोण बदलेल, तुझा मामा?" ते ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. पाण्याचे बहात्तर डाइन, न्यूटनमध्ये शून्य दशांश शून्य सात दोन.

रिटायर झाल्यावर काही वर्षांनी ताईंचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, किल्ली. मग एक दिवस दूध जळून भांडं काळं झालं आणि ताई शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेल्या. वास माझ्या घरात आला, त्यांना आला नाही. अविनाश हैदराबादहून रोज म्हणायचा, इकडे ये. त्यांना घर सोडायचं नव्हतं. पण आपण घर पेटवून बसू, ही भीतीही त्यांनाच जास्त होती.

त्या आठवड्यात मला बोलावून म्हणाल्या, "गंगाबाई, रोज सकाळी तू मला जुन्या पुस्तकातला पृष्ठताणाचा एक आकडा द्यायचा. पाणी, रॉकेल, साबणाचं पाणी, काहीही. मी डाइनचा न्यूटन करीन. ज्या दिवशी चुकेन त्या दिवशी सांगायचं. अविनाशला फोन मीच करीन."

"ताई, पाढे म्हणा ना त्यापेक्षा. हे काहून?"

"पाढे पोपटही म्हणतो. इथे वरचं बदलताना खालचं ध्यानात ठेवावं लागतं. ते सुटलं की समजायचं, मी एकटी राहण्यासारखी उरले नाही."

"अन् मी सांगतलंच नाही तं?"

"सांगशील. लपवलंस तर मी रात्री गॅस तपासायला चारदा उठते, ती दहादा उठेन."

तेव्हापासून रोज सकाळी हेच. चहा घेऊन जायची, आकडा द्यायची आणि त्यांच्या ओठांकडे बघत राहायची. बरोबर आलं की दोघींचाही श्वास सुटायचा. "पास का गं?" त्या विचारायच्या. "पास, पण काठावर," मी म्हणायची, आणि हसू यायचं. सोपा आकडा द्यावा असं मनात यायचं, पण ताई लगेच ओळखायच्या. "लहान पोरगी समजून राह्यली का मला?"

पोळ्याच्या आसपासची गोष्ट. मी पाणी दिलं. रोजचंच, बहात्तर. त्या बराच वेळ अंगणाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "शून्य दशांश शून्य शून्य शून्य सात दोन."

मी बोटांवर पुन्हा मोजलं. दोन शून्यं जास्त होती... माझा चहा निवला. ताई माझ्याकडे बघत होत्या, पोरगी निकालाच्या कागदाकडे बघते तशा.

"ताई," म्हटलं, "खालचं राह्यलं."

त्या हळूच म्हणाल्या, "आणि आता बदलायला मामाही नाही उरला." दोघी हसलो. हसता हसता मी पदर तोंडात घातला. त्यांनी माझ्यासमोरच अविनाशला फोन लावला. आवाज अगदी वर्गातला. "ये घ्यायला. घाई नको, पण ये."

हैदराबादला गेल्यावर आमचं उलटं झालं. सकाळी त्या फोन लावून माझ्याकडेच गणित मागायच्या. आकडाही मीच घ्यायची, न्यूटनही मीच करायची. त्या म्हणायच्या, "बरोबर." सुरुवातीला नीट ऐकून म्हणायच्या. पुढेपुढे माझं अर्ध्यातच असताना यायचं, "बरोबर, बरोबर." ऐकलं, की नुसतं म्हटलं? विचारायची हिंमत मला झाली नाही. अविनाशलाही विचारलं नाही.

आता ताई नाहीत आणि चार दिवसांपूर्वी मी भाजीत दुसऱ्यांदा मीठ घातलं. होतं असं कोणाचंही. पण मला झोप लागेना. सकाळी सुनेला, शीतलला, ओट्याजवळ बसवलं आणि डाइनचा न्यूटन कसा करायचा ते समजावलं. वरचं कसं, खालचं कसं.

"आई, हे कायले शिकवून राह्यल्या मले?"

"रोज एक आकडा देत जा मले. चुकली की सांगशील?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग नजर चुकवत उठली आणि गॅस बारीक करायला गेली... गॅस बंदच होता.